लाइट गेली तरी घर चालू ठेवायचंय? पोर्टेबल बॅटरी घेण्याआधी हे गणित करा

मे महिन्यातली संध्याकाळ. बागलाण तालुक्यातल्या नामपूरमध्ये आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि वळवाचे चार थेंब पडायच्या आत लाइट गुल. कुठे झाडाची फांदी तारेवर पडलेली असते, तर कुठे डीपीवर बिघाड. मग लाइट कधी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

अशा वेळी मोबाइलवर एक जाहिरात दिसते: उचलून कुठेही न्या, पंखा लावा, टीव्ही लावा, फ्रीजसुद्धा चालवा. हेच ते ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’. बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात. वायरिंग करायची गरज नाही. पण किंमत मोठी असते, म्हणून घेण्याआधी थोडं समजून घेतलेलं बरं.

वॅट आणि वॅट-तास, दोन वेगळ्या गोष्टी

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकीत किती पाणी मावतं, ते झालं वॅट-तास. नळातून एका वेळी किती जोरात पाणी येतं, ते झालं वॅट. जाहिरातीत बऱ्याचदा ‘१००० वॅट’ मोठ्या अक्षरात असतं, पण बॅटरी किती वेळ पुरेल हे वॅट-तासांवर ठरतं.

एमएएचच्या आकड्यालाही भुलू नका. २०,००० एमएएचची पॉवर बँक ऐकायला मोठी वाटते. पण तिच्या आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७ असतो, म्हणजे साठा फक्त ७४ वॅट-तास. त्यावर मोबाइल चार्ज होतील, घर चालणार नाही.

तुमच्या घराला किती लागेल?

समजा, चार तास लाइट गेली आणि एवढंच चालवायचं आहे:

- ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब: १८ वॅट
- साधा छताचा पंखा: ७५ वॅट
- वाय-फाय राउटर: १२ वॅट
- दोन मोबाइल: २० वॅट

एकूण १२५ वॅट. चार तासांचे ५०० वॅट-तास. बॅटरीतली वीज घरच्या विजेत बदलताना साधारण १५ टक्के वाया जाते. म्हणजे बॅटरी किमान ६०० वॅट-तासांची हवी.

आता जुन्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावा. तेच काम सुमारे ४०० वॅट-तासांत होतं. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलून पाहा. रोजचं वीजबिलही कमी होईल.

फ्रीज आणि मोटर चालेल का?

फ्रीज चालताना १००–२०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. त्यामुळे पॉवर स्टेशनची ‘सर्ज’ क्षमता बघा. एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, आणि सुरू होताना त्याच्या अनेक पट. बोअरची मोटर अशा डब्यावर चालवायचा विचार सोडून द्या.

घरात आजारी माणूस असेल तर

इथे चूक परवडणारी नाही. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. १००० वॅट-तासांच्या बॅटरीवर तो जेमतेम सव्वादोन-अडीच तास चालेल. त्यामुळे फक्त बॅटरीच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांशी बोलून भरलेला सिलिंडर घरात ठेवा. बॅटरी ही सिलिंडर जोडेपर्यंतची सोय समजा.

आत कोणती बॅटरी आहे?

‘एलएफपी’ म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर उत्तम. ही वजनाला थोडी जड, पण उष्णता जास्त सोसते आणि साधारण तीन हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज झाली तरी टिकते. ‘एनएमसी’ प्रकार हलका, पण त्याचं आयुष्य सहसा कमी. पाकिटावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

गावाकडे नेमकं अडतं कुठे?

एक, ऊन. मालेगाव-बागलाण पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बऱ्याच लिथियम बॅटऱ्या ४०–४५ अंशांच्या पुढे चार्जिंग थांबवतात. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत ठेवलेला डबा ऐन वेळी चार्जच झालेला नसेल. तो घरातल्या थंड, हवेशीर कोपऱ्यात ठेवा.

दोन, कमी व्होल्टेज. डब्याला चार्जिंगसाठी किमान किती व्होल्टेज लागतो, ते विचारा.

तीन, चार्जिंगचा वेग. लाइट दोनच तास येऊन पुन्हा जाणार असेल, तर २०० वॅटने चार्ज होणारा १००० वॅट-तासांचा डबा अर्धाही भरत नाही. सोलर जोडायचं असेल, तर २०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात साधारण ८०० वॅट-तास देतं. पावसाळी ढगात त्याची आशा कमीच.

मग साधा इन्व्हर्टर का नको?

१५० एएचची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. ती निम्मीच वापरली तर आयुष्य वाढतं. तरी वरच्या घराला ती सहा तास पुरते. तेवढ्याच साठ्याचं पोर्टेबल यंत्र बहुधा बरंच महाग पडतं. मात्र इन्व्हर्टरला पाणी भरावं लागतं आणि ५०–६० किलोचं ते धूड हलत नाही.

स्वतःचं घर असेल आणि लाइट रोज जात असेल, तर इन्व्हर्टर. भाड्याचं घर, मळ्यातली वस्ती, कांदा-डाळिंबाच्या राखणीची रात्र किंवा बाजारातला स्टॉल असेल, तर पोर्टेबल.

एक चूक जिवावर बेतू शकते

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून पॉवर स्टेशनची वीज घराच्या सॉकेटमध्ये कधीही सोडू नका. ती वीज उलट तारेत जाऊ शकते, आणि खांबावर दुरुस्ती करणारा वायरमन लाइट बंद आहे असं समजून तारेला हात लावत असतो. पंखा-बल्ब थेट डब्यालाच जोडा.

दुकानात जाण्याआधी आज रात्री एक काम करा. लाइट गेली तर कोणत्या गोष्टींवाचून खरंच अडतं, त्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे वॅट लिहा. मग बॅटरी किती मोठी हवी, ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही.