ताट वेगळं नको, खिडकी उघडी हवी

वसतिगृहातल्या एखाद्या मुलाला टीबी झाल्याचं कळलं की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. मेसमधलं त्याचं ताट बाजूला निघतं. गादी गच्चीवर जाते, खोलीत फिनेल पडतं. रेक्टर घरी फोन लावतात, ‘बरा होईपर्यंत घेऊन जा.’ खोलीतले बाकीचे त्याच रात्री मित्रांच्या खोल्यांत पांगतात. एवढी धावपळ होते, पण ज्या खोलीत सहाजण रात्रभर दार-खिडकी लावून झोपत होते, तिची खिडकी उघडायचं कुणाला सुचत नाही. टीबी पसरतो तो नेमका त्या बंद खिडकीमुळे.

जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि हा आजार म्हाताऱ्यांपुरता नाही, ऐन विशी-पंचविशीतही गाठतो. त्यामुळे कॉलेज, वसतिगृह, कॉट बेसिसवरच्या खोल्या, अभ्यासिका या सगळ्यांना कधी ना कधी त्याला तोंड द्यावं लागणारच. तेव्हा काय करायचं हे आधीच माहीत असलेलं बरं.

‘त्याचं ताट-पांघरूण वेगळं ठेवा’

टीबी ताटावरून, पेल्यावरून, चादरीवरून किंवा हात मिळवल्याने लागत नाही. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो किंवा गातो, तेव्हा तोंडावाटे बारीक थेंब उडतात. त्यांतलं पाणी क्षणात वाळून जातं आणि एक ते पाच मायक्रॉनचे कण मागे राहतात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. ताटावर किंवा फरशीवर बसलेले जंतू असे सहजासहजी पुन्हा हवेत उठत नाहीत.

याचा पुरावा जुना आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोर इथे रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळीवाटे वरच्या मजल्यावर नेऊन गिनीपिगच्या पिंजऱ्यांत सोडली. ना रुग्णाचा स्पर्श, ना उष्टं-खरकटं. वर गेली ती फक्त हवा. तरी गिनीपिगना टीबीचा संसर्ग झाला. ज्यांच्याकडे जाणारी हवा आधी अतिनील किरणांतून काढली होती, ते वाचले.

मग हे ताट आलं कुठून? औषध नव्हतं त्या काळाची ही भीती आहे. तेव्हा रुग्णाला आरोग्यधामात ठेवत. आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर आरोग्यधाम १९१२ सालचं. अशा ठिकाणांचा भर मोकळ्या हवेवर असायचा. गंमत अशी की आपण त्या काळातलं वेगळं ताट तेवढं जपलं आणि मोकळी हवा सोडून दिली.

‘बरा होईपर्यंत घरी पाठवा’

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो, कारण त्यात मुलाचं वर्ष जातं.

मद्रासमध्ये १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक मोठा अभ्यास झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं, तिथे विश्रांती मिळाली आणि खाणंही चांगलं होतं. बाकीच्यांना तीच औषधं देऊन घरी, दाटीवाटीच्या वस्तीतच राहू दिलं. दोन्ही गटांत गुण जवळजवळ सारखाच आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना काही अधिक प्रमाणात टीबी झाला नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरातली आरोग्यधामं हळूहळू ओस पडली.

कारण साधं आहे. रुग्ण सर्वांत जास्त संसर्ग पसरवतो तो निदान होण्याआधीच्या आठवड्यांत. योग्य औषध सुरू झालं की ही क्षमता झपाट्याने घटते. दोन आठवड्यांचा ठोकताळा वर्षानुवर्षं चालत आला आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत बहुतेक रुग्णांसाठी तो पाच दिवसांवर आणला. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील ते. पण साध्या टीबीत उपचार चालतो सहा महिने आणि वेगळं राहणं लागतं फार तर काही दिवस. कॉलेजने सहा महिन्यांची सक्तीची रजा दिली तर ती आजाराची नाही, घाबरटपणाची रजा झाली. आणि औषध सुरू न करताच मुलाला रात्रीच्या एसटीत बसवून गावी धाडलं, तर आपण आजार आजी-आजोबांच्या आणि तान्ह्या भाच्याच्या घरात पोचता केला.

‘एसी आहे, हवा स्वच्छच आहे’

हे जरा सविस्तर सांगायला हवं.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते; टीबीचे कण अडवण्याइतकी ती बारीक नसते. आता पुण्याच्या पेठांतली अभ्यासिका डोळ्यांपुढे आणा. स्पर्धा परीक्षेची मुलं प्लायवुडच्या खोक्यांत खांद्याला खांदा लावून सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली, गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, काहींना तर पट्ट्या चिकटवलेल्या. तिथे एकजण महिनाभर खोकत असेल तर बाकीचे दिवसभर कोणती हवा घेतात, हे वेगळं सांगायला नको.

तैवानमध्ये एका विद्यापीठात हेच घडलं. हवा नीट न खेळणाऱ्या इमारतींतून टीबीची साथ पसरली. २७ रुग्ण सापडले आणि त्यांच्या संपर्कातल्या १,६६५ जणांची छाननी झाली. खोल्यांतल्या कार्बन डायऑक्साइडचं कमाल प्रमाण दहा लाख भागांत ३,२०० भागांच्या घरात निघालं. बाहेरच्या हवेत ते साधारण ४२० असतं. हा वायू स्वतः टीबी देत नाही. पण तो साचला याचा अर्थ दुसऱ्याने सोडलेला श्वास आपण घेतो आहोत. विद्यापीठाने वायुवीजन सुधारून ते ६००च्या आसपास आणलं. त्यानंतर सरासरी जवळपास सहा वर्षं लक्ष ठेवलं, तर विद्यापीठातल्या नव्या संपर्कांपैकी एकालाही टीबी झाला नाही. संपर्कांची तपासणी आणि प्रतिबंधक औषधं यांचा वाटा वेगळा काढल्यावरही, प्रमाण १,०००च्या खाली आणण्याने टीबी होण्याचं प्रमाण ९७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

यासाठी भारी यंत्रणाच लागते असंही नाही. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळा. सर्वांत सरस ठरल्या १९५०पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या दगडी इमारती अशाच आहेत, आणि त्यांचेच वर्ग खाली छत ठोकून, काचा बसवून ‘आधुनिक’ करण्याची हौस सध्या जोरात आहे.

समोरासमोरच्या खिडक्या उघडा. जमत नसेल तर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र काही हजारांत मिळतं. अभ्यासिकेच्या दारावर ‘वायफाय, एसी, आरओ पाणी’ लिहितात, त्याखाली हा आकडाही लिहायला काय हरकत आहे?

उरलेल्या समजुती

‘लहानपणी बीसीजी घेतली आहे.’ ती लस लहान मुलांना मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते म्हणून ती द्यायचीच. पण मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या टीबीत तिचा भरवसा नाही. हे तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीतून स्पष्ट झालं.

‘एका खोलीत होतो, म्हणजे मलाही झाला.’ जंतू शरीरात गेलेल्यांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा टक्क्यांनाच आजार होतो, पण धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो. म्हणून खोलीतल्यांनी पांगून न जाता तपासणी करून घ्यावी. आजार नसल्याची खात्री झाल्यावर गरजेप्रमाणे डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. त्यातला एक प्रकार आठवड्यातून एकदा, असे १२ डोस घेण्याचा आहे.

‘तिच्या मानेला टीबीची गाठ आहे, तिला वेगळं ठेवा.’ गाठीचा किंवा हाडाचा टीबी हवेतून पसरत नाही. फुफ्फुसातही आजार नाही ना, एवढं पाहायचं.

मास्कबद्दलही उलटंच होतं. निरोगी मुलं घाबरून मास्क लावतात आणि खोकणारा तसाच फिरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात रुग्णांनी साधा सर्जिकल मास्क लावल्यावर त्यांच्या वॉर्डातल्या हवेमुळे होणारा संसर्ग ५६ टक्क्यांनी घटला. तेव्हा आधी मास्क खोकणाऱ्याने लावावा.

आणि ‘हवा बदलली म्हणून खोकला आहे, जाईल.’ खरा घात इथे होतो. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या देशव्यापी पाहणीत टीबीची लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कुठेच दाखवायला गेले नव्हते. याच पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक केवळ एक्स-रेमुळे सापडले, म्हणजे खोकला नाही तर टीबी नाही असंही म्हणता येत नाही. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, यांतलं काहीही असलं तरी एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी करून घ्यावी. गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र साधारण तासाभरात जंतू दाखवतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० साली मान्यता दिली. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी दरमहा हजार रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात.

रेक्टर आणि प्राचार्यांना एवढंच सांगणं: कुणाला टीबी निघाला तर आरोग्य केंद्राला कळवा, खोलीतल्यांची आणि वर्गातल्या जवळच्यांची तपासणी करून घ्या आणि रुग्णाचं नाव नोटीसबोर्डावर लावू नका. ज्या कॅम्पसवर टीबी निघालेल्याला हाकलतात, तिथला पुढचा खोकणारा मुलगा दवाखान्याची पायरी चढत नाही. तो खोकला दाबत बंद अभ्यासिकेत बसून राहतो.