माशातला जंत आणि दोन दारांचा कायदा

समुद्रात मुक्तपणे वाढलेल्या माशाच्या मांसात परजीवी सापडणे, यात नवल काहीच नाही. ॲनिसाकिस हा गोलकृमी देवमासे व डॉल्फिन यांच्या पोटात प्रौढ होतो. त्याची अंडी पाण्यात पडतात आणि अळ्या आधी सूक्ष्म कवचधारी जीवांत, मग त्यांना खाणाऱ्या माशांत शिरतात. मुशी आणि पाकट यांच्या आतड्यांत वाढणाऱ्या काही पट्टकृमींच्या अळ्या इतर माशांच्या मांसात तांदळाच्या दाण्यांसारख्या दिसतात. तेव्हा जंत आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. तो शोधायचा कोणी आणि सापडल्यावर नुकसान सोसायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे.

युरोपातील दोन देशांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. कमी मिठात मुरवलेल्या हेरिंग माशातून माणसाला ॲनिसाकिसची बाधा होते, हे नेदरलँड्समध्ये 1960 साली नोंदले गेले. 1968 साली तेथे असा मासा विक्रीपूर्वी गोठवणे कायद्याने सक्तीचे झाले आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. पश्चिम जर्मनीत मात्र 1987 साली दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात माशांतले जंत दाखवले गेले आणि मासळीची विक्री एकाएकी कोसळली. पहिल्या देशात नियमाने विश्वास टिकवला. दुसऱ्यात घबराटीने बाजार बुडवला.

भारत आज कोठे उभा आहे? 2023-24 मध्ये आपण सुमारे 17.8 लाख टन सागरी उत्पादने निर्यात केली. त्यांचे मूल्य 60 हजार कोटी रुपयांहून अधिक होते. युरोपीय संघाकडे जाणाऱ्या माशांत डोळ्यांना दिसणारा परजीवी चालत नाही, म्हणून निर्यातीच्या मालाची तशी तपासणी करावी लागते. त्याच बंदरावर पहाटेच्या लिलावात देशी ग्राहकासाठी विकल्या जाणाऱ्या टोपलीला हा सोपस्कार सहसा लागत नाही. मासेमारी हा राज्यसूचीतील विषय, 2006 चा अन्नसुरक्षा कायदा केंद्राचा पण अंमलबजावणी मुख्यतः राज्यांची, आणि निर्यात वाणिज्य मंत्रालयाची. या तिघांच्या मधल्या जागेत जंत निर्धास्त राहतो.

वाचकांनी घाबरून ताट दूर सारावे, असे मी मुळीच म्हणत नाही. माशाच्या गाभ्यापर्यंत 60 अंश सेल्सिअस उष्णता मिनिटभर पोहोचली, की अळ्या मरतात. आपल्या कालवणाला ही अट सहज पुरी करता येते. काहींना मृत जंतांचीही ॲलर्जी होऊ शकते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. धोका आहे तो महानगरांत रुजू लागलेल्या कच्च्या माशांच्या पदार्थांत. लिंबू किंवा व्हिनेगर यांवर विसंबता येत नाही. कच्च्या खाण्यासाठीचा मासा उणे 20 अंशांवर युरोपीय नियमानुसार किमान 24 तास, तर अमेरिकी मार्गदर्शनानुसार सात दिवस गोठवावा लागतो.

मला अधिक अस्वस्थ करते ती विक्रेतीची बाजू. कुडोआ या सूक्ष्म परजीवीच्या काही जाती मासा मेल्यानंतर विकरे सोडून त्याचे मांस लिबलिबीत करतात. मासा ताजा असूनही ग्राहक तो शिळा ठरवतो, पैसे परत मागतो, आणि टोपलीवाली बाई मुकाट्याने तोटा सोसते. तिची बाजू मांडायला कोणतीही नोंद उपलब्ध नसते.

ती नोंद उभी करणे अवघड नाही. 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना जाहीर झाली. अशा योजनांतून धक्के आणि शीतगृहांबरोबर मोठ्या बंदरांवर परजीवींची नियमित नमुना-तपासणीही उभारता येईल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जातीनुसार आणि हंगामानुसार निष्कर्ष प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध करावेत. मोठ्या माशांची आतडी लवकर काढावीत, कारण मासा मेल्यावर अळ्या पोटातून मांसात सरकू शकतात. ती आतडी पुन्हा समुद्रात टाकू नयेत. कच्चा मासा वाढणाऱ्या उपाहारगृहांकडून गोठवल्याचा दाखला मागावा.

परदेशी ग्राहकासाठी जो मासा आपण पारखून देतो, तो पारखून घेण्याचा हक्क देशातल्या ग्राहकालाही आहे. त्या पारखीचा खर्च मात्र सरकारने उचलावा, टोपलीवालीने नव्हे.