सुईची पारख

जळगावच्या दाणाबाजारात व्यापारी धान्य कसे पारखतो? पोत्याची शिवण न उसवता तो एक टोकदार, पोकळ नळी आत खुपसतो व मूठभर दाणे बाहेर काढून पाहतो. हाडात दडलेले दुखणे ओळखण्याची एक रीतही अशीच आहे.

मणक्यातील क्षय आणि कर्करोग छायाचित्रात कधी कधी सारखेच दिसतात. उपचार मात्र अगदी निराळे. तेव्हा हाडाचा कण काढून तपासणे अवश्य ठरते. पूर्वी त्यासाठी पुष्कळदा मोठी शस्त्रक्रिया करावी लागे.

१८९५ साली राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधले आणि न कापता हाडे दिसू लागली. पुढे सी. टी. स्कॅन यंत्र आले. आता डॉक्टर ती जागा बधिर करतात आणि यंत्रातील चित्र पुनःपुन्हा पाहत पोकळ सुई हळूहळू आत सरकवतात. मज्जारज्जू अगदी जवळ असतो. म्हणून सुईचे टोक कोठे आहे, हे पाहिल्यावाचून ती पुढे नेत नाहीत.

हीच सुई उपचारही करते. मुलांच्या हाडात क्वचित वाटाण्याएवढी गाठ होते व रात्री असह्य ठणकते. सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून ती गाठ जाळता येते.

खानदेशातील कष्टकरी माणूस पाठदुखी अंगावर काढतो. पण मणक्याचा क्षय वाढला, तर पाय लुळे पडू शकतात. वेळीच ओळखला, तर तो औषधांनी बरा होतो. धुळे व जळगाव येथे आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुलांनो, घरात कोणाची पाठ आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरा.