शिंगीचा काटा अन् मोबाईलवरचा डॉक्टर



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आपल्या एका सभासदाला जाळ्यातून मासोळी सोडवताना शिंगीचा काटा बोटात रुतला. शिंगी काय चीज आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. गडी दोन दिवस हळद लावून फिरला. शुगर आहे हे त्यानं घरच्यांशिवाय कोणाला सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं सुजलं, तेव्हा पोरीनं मोबाईलवर ई-संजीवनी लावली. डॉक्टरीणबाईंनी कॅमेऱ्यात हात पाहिला, शुगरचं विचारलं आणि सरळ म्हणाल्या, "हे फोनवर भागणार नाही, आजच दवाखान्यात जा." तो गेला. बोट वाचलं.

कोणी म्हणेल, मग फोनचा उपयोग काय झाला? आम्ही म्हणतो, हाच झाला. नाहीतर तो आणखी चार दिवस हळद लावत बसला असता.

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. घरून थेट डॉक्टरशी बोलायची सोय एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनात सुरू झाली. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, टोकन मिळतं, नंबर लागला की व्हिडिओवर डॉक्टर. बोलणं झालं की चिठ्ठी मोबाईलवरच येते, ती मेडिकलवाल्याला दाखवायची. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे का ते मात्र पाहून घ्या. ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा नेटवर्क दगा देतं (नदीकाठी ते नेहमीच देतं), त्यांनी आयुष्मान आरोग्य मंदिरात जावं. तिथले सीएचओ बीपी-शुगर तपासून आपल्यासमोरच मोठ्या डॉक्टरशी जोडून देतात. आमच्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी हेच बरं, कारण तपासणारा माणूस जवळ असतो.

आपल्या धंद्यात रोजची दुखणी ठरलेली. पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या, अंगाला खाज, जाळं ओढून खांदा-कंबर, सर्दी-खोकला. यासाठी सौंसरला जायचं म्हणजे एक दिवसाची मासोळी गेली, म्हणून आपण जातच नाही आणि कोणाकडून तरी गोळी घेऊन येतो. अशा वेळी फोन कामाचा. बीपी-शुगरच्या चालू गोळ्यांबद्दल विचारायलाही कामाचा. पण नशा येणारी, सवय लागणारी काही औषधं फोनवर लिहून द्यायची डॉक्टरला परवानगीच नाही, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: साप चावला, छातीत कळ आली, माणूस बुडताना काढला, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर मोबाईलवर टोकन घेत बसायचं नाही. 108 लावायचा. काटा खोल गेला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शनही फोनमधून मिळत नाही, राजेहो!

मन बेचैन राहतं, झोप लागत नाही, कर्जाचं डोक्यात फिरतं, त्यासाठी 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. यात लाजायचं काही नाही. आपल्यातल्या काहींना त्याची गरज आहे हे आम्हाला दिसतं.

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेव्हा सगळे घरीच असतात. त्या दिवसांत समितीच्या कार्यालयात या. ज्यांना जमत नाही त्यांना आम्ही एकदा लावून दाखवू. येताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या, रिकामी असली तरी चालतील.