खाऱ्या पाण्याच्या पेटीतले खत

समुद्रात मासे राहतात. तिथे त्यांना कोणी पाणी बदलून देत नाही. तरी समुद्राचे पाणी नासत नाही. आता तेच पाणी काचेच्या पेटीत भरा. त्यात चार मासे सोडा आणि पेटीकडे दुर्लक्ष करा. काही आठवड्यांत काचेवर शेवाळ चढते. पाण्याला वास येतो. मासे मलूल होतात. असे का होते?

मुंबईत १९५१ साली चौपाटीच्या रस्त्यावर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मुंबईला गेलेली खेड्यातली माणसे ते पाहायला जात. काचेआडचे रंगीत मासे पाहून थक्क होत. पण हे मासे जिवंत राखायला काय करावे लागते, ते काचेच्या पुढून दिसत नाही. ते काम काचेच्या मागे चालते. ते काम आपण समजून घेऊ या. शेतकऱ्याला ते चटकन कळेल. कारण त्यात त्याच्या ओळखीच्याच दोन वस्तू आहेत. एक नत्र आणि दुसरे स्फुरद.

खाणे कुठे जाते?

माशाला आपण खाणे घालतो. त्यातले थोडे त्याच्या अंगी लागते. बाकीचे विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पुन्हा पाण्यात येते. काही खाणे तर तोंडात न जाताच तळाशी पडते आणि कुजते. यातून अमोनिया तयार होतो. गोठ्यात मुताचा वास नाकात झोंबतो ना? तोच अमोनिया. माशाला तो विषासारखा आहे.

पण पेटीतल्या वाळूवर आणि दगडांवर सूक्ष्म जंतू राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. त्याचा माशाला बराच कमी त्रास होतो. हे जंतू मातीतही असतात. सर्गेई विनोग्रादस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास त्यांचे काम शोधून काढले. आपण पिकाला युरिया टाकतो, त्याचेही मातीत असेच नायट्रेट होते. मग ते पिकाची मुळे शोषून घेतात.

म्हणून नव्या पेटीत एकदम मासे सोडू नयेत. जंतूंची वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई केली तर मासे अमोनियाने मरतात.

खाण्यातले स्फुरदही असेच पाण्यात उतरते. त्याचे फॉस्फेट होते. आपण सुपरफॉस्फेट टाकतो, त्यातलेच हे द्रव्य.

म्हणजे पेटीत काय साठले? खत साठले! शेतात खत पडले की पीक डोलते. पेटीत पीक नाही. म्हणून शेवाळ डोलते. फॉस्फेट फार झाले तर जिवंत पोवळ्यांना सांगाडा नीट बांधता येत नाही.

बादलीचा हिशेब

समुद्र अफाट आहे. त्यात हे खत पसरते, वनस्पती ते खातात, त्यांना मासे खातात. पेटीला चारी बाजूंनी काच आहे. आत गेलेले आपण काढल्याशिवाय सहसा बाहेर पडत नाही.

म्हणून पाणी बदलतात. पण नुसते पाणी बदलून भागते का? हिशेब करून पाहू.

समजा, १०० लिटरची पेटी आहे. दर लिटरमागे ४० मिलिग्रॅम नायट्रेट झाले आहे. आपण २५ लिटर पाणी काढले आणि तेवढेच स्वच्छ खारे पाणी घातले. आकडा ३० वर आला. बरे वाटले. पण आठवडाभराच्या खाण्यातून आणखी १० वाढले. पुन्हा ४० झाले! पुन्हा बादली उचला, पुन्हा ३०. वर्षभर बादल्या वाहिल्या तरी गाडी तिथेच.

आता खाणे निम्मे केले, असे धरा. आठवड्याला १० ऐवजी ५ वाढतात. ३० चे ३५ होतात. पाणी बदलले की सव्वासव्वीस उरतात. असे करत करत आकडा १५ च्या जवळ येऊन टेकतो. पाणी तेवढेच, मेहनत तेवढीच. फरक कशाने पडला? खाणे घालणाऱ्या हाताने.

म्हणून पहिला उपाय हाच. दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढेच खाणे घालावे. उरलेले लगेच काढावे. पेटीत दाटी करू नये. तळातला गाळ नळीने ओढून काढावा.

नवे पाणी कसे असावे?

पेटीतले पाणी उन्हा-वाऱ्याने आटते. पण वाफ होते ती पाण्याची. मीठ, नायट्रेट आणि फॉस्फेट मागेच राहतात. आटलेल्या पाण्याजागी गोडे पाणी घालावे लागते. पण अशी भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे.

बदलायचे पाणी खारे हवे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही. समुद्री क्षारांचे तयार मिश्रण मिळते, ते शुद्ध पाण्यात विरघळवतात. विहिरीचे पाणी तसेच वापरू नये. शेतातले खत झिरपून विहिरीतही नायट्रेट उतरलेले असू शकते. ते आपल्यालाही बाधते. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. त्याहून जास्त असलेले पाणी तान्ह्या बाळांना फार घातक. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते.

आणखी उपाय

मोठ्या पेट्यांना फेस काढण्याचे यंत्र लावतात. ते पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडते. घाण बुडबुड्यांना चिकटते आणि फेसाबरोबर वर येते. ती कुजण्याआधीच बाहेर जाते.

दुसरा उपाय शेतकऱ्याला आवडेल असा आहे. शेजारच्या वेगळ्या टाकीत दिवा लावून समुद्री शेवाळ मुद्दाम वाढवायचे. ते नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खाते. मग विळ्याने गवत कापावे तसे ते कापून बाहेर टाकायचे. कापले नाही तर ते तिथेच कुजते आणि खाल्लेले सारे परत करते.

नत्र आणि स्फुरद यांत एक मोठा फरक आहे. जाड वाळूच्या खोल थरात हवा पोचत नाही. तिथले जंतू नायट्रेटचा नत्रवायू करतात. तो बुडबुड्यातून हवेत निघून जातो. फॉस्फेटला अशी हवेची वाट नाही. ते दगडात आणि वाळूत मुरून बसते. पाणी स्वच्छ केले की तिथून हळूहळू परत सुटते. म्हणून त्याला पकडायला लोहयुक्त खडे वापरतात. फॉस्फेट त्यांना चिकटते. खडे भरले की बदलतात.

मात्र उतावळेपणा नको. आकडा एका दिवसात पार खाली आणला तर मासे आणि पोवळी दचकतात. अगदी शून्यावरही नेऊ नये. पोवळ्यांनाही थोडे नत्र आणि थोडे स्फुरद लागतेच. पाणी तपासायची औषधे मिळतात. थेंब टाकावेत, रंग जुळवावा, आकडा वहीत लिहावा. ज्याला लिहिता येते, त्याला आकडा चढतो आहे की उतरतो आहे, ते आधी कळते.

आपल्याला याचा काय उपयोग?

कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याच्या तळ्यांत कोळंबी वाढवतात. तिथे जाळीचे ताट पाण्यात सोडून खाणे उरले का, ते पाहतात. उरले तर पुढचे खाणे कमी करतात. नाहीतर पैसाही जातो आणि पाणीही बिघडते.

गावच्या तळ्याचेही तेच आहे. वाहून आलेले खत आणि सांडपाणी त्यात साठते. मग जलपर्णी माजते. आपण जलपर्णी काढतो आणि काठावरच टाकतो. ती कुजून पुन्हा तळ्यात जाते. ती दूर नेऊन तिचे कंपोस्ट करावे. आणि येणारी घाण आधी अडवावी.

खत शेतात असले तर धन आहे. पाण्यात साठले तर ओझे आहे. ते पाण्यात जाऊ न देणे हे सर्वांत स्वस्त औषध.