या खेळाला शेवट नाही, वेळ आपणच ठरवावी

कबड्डीचा सामना ४० मिनिटांच्या खेळानंतर संपतो. मोबाईलवर एखादे पात्र होऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांना मात्र शेवटच नसतो. रोजचे बक्षीस आणि संघातील सोबत्यांची हाक मुलाला उठू देत नाही. खेळावरचा ताबा सुटणे हा विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या रोगवर्गीकरणात नमूद आहे.

म्हणून पालकांनी खेळ सुरू होण्यापूर्वीच मुलाशी बोलून वेळ ठरवावी. मोबाईल मध्येच हिसकावू नये. वेळेत संपेल तेवढीच मोहीम हाती घेऊ द्यावी. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. झोपण्यापूर्वी तासभर खेळ बंद असावा. अभ्यास, जेवण, झोप सुटू लागल्यास डॉक्टरांना भेटावे किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.