गुरुवारचं गॅझेट, गावातली दवंडी

मुंबई सरकारचं गॅझेट गुरुवारी निघायचं. त्याचे बांधीव खंड वाचायला बसलं की आधी बदल्या, रजा आणि नेमणुकांची पानंच्या पानं लागतात: कुठला असिस्टंट कलेक्टर विलायतेला रजेवर निघाला, कुणाला फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटचे अधिकार मिळाले. कागद इतका ठिसूळ झालाय की कोपरा चिमटीत धरला तर तो हातात येतो. पानाखाली तळहात सरकवून ते उलटावं लागतं. मी शोधत असतो त्या जमिनीच्या नोटिसा. गावकऱ्याच्या आयुष्यात गॅझेटनं खरी उलथापालथ केली ती या नोटिसांमधून.

साचा ठरलेला आहे. इंग्रजीत एकच लांबलचक वाक्य: अमुक सार्वजनिक कामासाठी खालील जमीन लागण्याचा संभव आहे, म्हणून १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ खाली तसं जाहीर करण्यात येत आहे. खाली परिशिष्ट. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र. क्षेत्र एकर, गुंठे आणि आण्यांत. सोळा आण्यांचा गुंठा, म्हणजे एक आणा जमीन जेमतेम साडेसात चौरस यार्ड, दोन-तीन बाजा टाकल्या की भरली. मोजणीतून एवढा तुकडाही सुटत नसे. ज्याची जमीन जायची त्याला ते कळवण्याच्या बाबतीत मात्र हा काटेकोरपणा कुठे गेला, याचं उत्तर मी या कागदांत शोधतो आहे.

कायद्यानं कलेक्टरवर टाकलेलं काम एवढंच: नोटिशीचा सारांश त्या भागात सोयीच्या ठिकाणी जाहीर करायचा. हुकूम कलेक्टरकडून प्रांताकडे, प्रांताकडून मामलेदार कचेरीत आणि तिथून गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे उतरायचा. कुलकर्णी मोडीत नक्कल करणार, ती चावडीवर लागणार, आणि वतनदार महार गावात दवंडी देणार. ज्याच्या तोंडून सरकारचा हुकूम घरोघर जायचा, त्याला त्याच चावडीच्या ओट्यावर इतरांच्या बरोबरीनं बसता येत नसे. हे कुठल्याही परिशिष्टात सापडत नाही, पण नोटीस गावात कशी फिरली हे समजून घ्यायचं तर ते विसरून चालत नाही. दवंडी दिली, नक्कल डकवली, असा रिपोर्ट पंचांच्या सह्या-अंगठ्यांनिशी वर गेला की कायद्याच्या लेखी गावाला कळलेलं असायचं. त्या दिवशी कोण रानात होतं, कोण बाजाराला गेलं होतं, हे विचारायला कुणी येत नसे.

सरकारला लोकांपर्यंत पोचायचं कसं हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायला मात्र जागा नाही. १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा काढून पाहावा. सारा थकला आणि जमीन लिलावात काढायची झाली तर जाहीरनामा जिल्ह्याच्या देशी भाषेत काढायचा, तालुक्याच्या ठाण्याला आणि खुद्द त्या गावात ढोल वाजवून पुकारायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. चावडी आणि थकबाकीदाराचं घर यांचीही नोंद आहे. लिलावाला बोली लावणारे जमले नाहीत तर सरकारची वसुली बुडणार होती, म्हणून तिथं ढोलसुद्धा कलमात आला. पंधरा वर्षांनंतरच्या भूसंपादन कायद्यात भाषेचा उल्लेख नाही, ढोलाचाही नाही. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचताना मला आजही राग येतो.

कारण नोटीस चुकण्याची किंमत जबर होती. कलम ९ ची नोटीस निघाली की ठरल्या तारखेला कलेक्टरपुढे हजर राहून आपला हक्क कोणता आणि मागणी किती हे सांगायचं. नोटीस आणि तारीख यांत किमान पंधरा दिवस. सबळ कारण नसताना मागणी मांडायची राहिली, तर पुढे कोर्टात गेलं तरी कलेक्टरनं ठरवलेल्या रकमेवर एक पैसाही वाढवून मिळत नसे. कलम २५ तसं सांगत होतं. आणि नोटीस बजावायची कशी? माणूस सापडला नाही तर त्याच्या घरातल्या सज्ञान पुरुषाच्या हाती. तसा पुरुष नसेल तर नक्कल बाहेरच्या दाराला चिकटवली तरी भागे, किंवा कचेरीत आणि त्या जमिनीवर ठळक जागी. घरात सासू-सून असल्या तरी कायद्याला त्या दिसत नव्हत्या.

मुळशी पेट्यात हे सगळं एकदम वर आलं. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांना नीला-मुळेच्या संगमावर धरण बांधायचं होतं. जमिनीत शिरून मोजणी करण्याचा, चर खणण्याचा अधिकार कलम ४ ची नोटीस निघाल्यावर मिळायचा. मुळशीत जमीन संपादन होण्याआधीच शेतात चर पडले. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर सरकार आणि कंपनी यांच्यातला करारही गॅझेटात छापावा लागे. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळ्याला तो इंग्रजी करार कोण वाचून दाखवणार होतं? कागदोपत्री बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांना भरपाईत रस होता, कसणाऱ्याला जमिनीत. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात होते. बापट सेनापती झाले ते इथेच.

मावळ्यांचं म्हणणं जमीन द्यायचीच नाही असं होतं. आणि नेमकं हे म्हणणं ऐकून घेण्याची तरतूद तेव्हाच्या कायद्यात नव्हती. किती पैसे, यावर भांडता येत होतं. जमीन घ्यावी की घेऊ नये, यावर नाही. हरकत नोंदवायला तीस दिवस देणारं ५-अ हे कलम १९२३ साली आलं, तेव्हा मुळशीचा लढा अजून चालू होता.

हा कायदा इंग्रजांबरोबर गेला नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारांनी त्याखालीच धरणं बांधली, कालवे काढले. कलम ४ ची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी आणि त्यांतलं एक तरी प्रादेशिक भाषेतलं असावं, ही अट त्यात १९८४ साली घातली गेली. लिलावाच्या जाहीरनाम्याला देशी भाषा मिळाली होती त्याला तोवर १०५ वर्षं झाली होती. नोटिशीतला मजकूर खास बोलावलेल्या ग्रामसभेत सांगितलाच पाहिजे, हे नव्या भूसंपादन कायद्यात यायला २०१३ साल उजाडलं.